व्यसनमुक्तीसाठी घरबसल्या आधार



गळीत हंगाम सुरू झाला की या पानांवर आपण तोडणी, साखर उतारा आणि खोडव्याची निगा यांवर बोलतो. आज जरा वेगळा विषय घेत आहोत. वाडीवस्तीवर तो सगळ्यांना ठाऊक असतो, पण बोलतात ते हळू आवाजात. विषय दारूचा आहे. उसाच्या मळीपासूनच मद्यार्क होतो, मग साखर कारखान्याच्या सभासदांनी हे बोलावे काय, असे कुणी म्हणेल. आम्हाला वाटते, आपणच आधी बोलावे.

उपचार मिळत नाहीत, अशी आता स्थिती नाही. पुण्याच्या 'मुक्तांगण'चे नाव आपल्याकडे बहुतेकांनी ऐकले आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली, पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या मदतीने हे केंद्र उभे केले. तिथला उपचार 35 दिवसांचा. माणूस बरा होऊन सांगवीला परत येतो, घरात गोडधोड होते. खरी परीक्षा त्यानंतर लागते. गाव तेच, ढाबा तोच, मित्रही तेच. त्यात उसाचे बिल जमा होते. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत व्हायला हवे (होते का, तो विषय पुन्हा कधी). बिलाच्या दिवशी, "चल रे, एवढ्याने काय होतंय," म्हणणारे चारजण भेटतात. 'नको' म्हणायला बळ देणारा एकही जवळ नसतो. सभेसाठी दर आठवड्याला पुण्याला जायचे, तर उसाला पाणी कोण देणार?

इथेच मोबाईल कामाला येतो. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे एए ही दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची संघटना. तिचा जन्मच मुळी एका फोनमुळे झाला. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्याच्या कामाला गेला होता. दारू सोडून काही महिनेच झालेले; काम फसले आणि हॉटेलातला बार समोर दिसू लागला. बारकडे न जाता त्याने फोन उचलला आणि बोलायला एखादा दारुडाच शोधू लागला. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी, तेही पिणारेच. पिणाऱ्याचे दुःख पिणाऱ्यालाच कळते, हे दोघांच्या ध्यानात आले. आजचा एक दिवस प्यायची नाही, उद्याचे उद्या, एवढाच हिशोब.

2020 साली कोरोनात सभागृहांना कुलपे लागली, तेव्हा या सभा मोबाईलवर भरू लागल्या. साथ ओसरली तरी त्यातल्या बऱ्याच चालू राहिल्या; मराठीतूनही होतात. फी नाही. पूर्ण नाव सांगावे लागत नाही, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, नुसते ऐकले तरी कुणी बोला म्हणून मागे लागत नाही. खेड्यात हे फार मोलाचे आहे. दवाखान्याच्या दारात दिसलेला माणूस संध्याकाळपर्यंत पारावरच्या चर्चेत येतो. मोबाईलवरच्या सभेत पाहणारे कुणी नसते. घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' हे वेगळे गट आहेत. नवऱ्याने दारू सोडायची तयारी दाखवली नसली तरी पत्नीने, आईने तिथे जायला हरकत नाही. बायामाणसांनी वर्षानुवर्षे मनात दाबलेले तिथे बोलता येते.

दोन गोष्टी मात्र मोबाईलवर होत नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झोप उडते. काहींना आकडी येते, भ्रम होतो. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडताना डॉक्टर हवाच. दुसरे, 'नकळत दारू सोडवा' म्हणून जाहिराती येतात, त्यांना भुलू नका. भाजीत चोरून गोळी घालण्याचा उद्योग कुणी करू नये. दारू घेतल्यास त्रास होणारी ती गोळी असेल आणि तो वरून प्यायला, तर जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्याला सांगूनच द्यायची असते.

सुरुवात कुठून करावी, असे पुष्कळजण विचारतात. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन 14446 आहे. मन खचले असेल, रात्री झोप येत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथेही मराठीत बोलता येते.

रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारांनी घरून निघताना मोबाईल चार्ज करून घ्यावा. उसाच्या सरीत रेंज नसली तरी विहिरीच्या कट्ट्यावर येते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.