वटवाघळांसाठी परसदारी घर

तिन्हीसांजेला अंगणावरून भिरभिरत जाणारे वटवाघूळ दिसले की आपल्याकडे अजूनही अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. अमेरिकेत मात्र याच प्राण्याने आपल्या परसदारी मुक्कामाला यावे म्हणून लोक हौसेने लाकडी पेट्या लावतात. आपण चिमण्यांसाठी खोकी टांगतो, त्यातलाच हा प्रकार. डास कमी होतील ही त्यामागची सर्वात प्रचलित आशा. प्रत्यक्षात या पेटीचा खरा उपयोग वेगळा आहे आणि तो अधिक मोलाचा आहे.

डासांची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांनी हिवतापाला आळा घालण्यासाठी वटवाघळांचे मनोरेच उभारले. आधीचे प्रयत्न फसल्यावर १९११ मध्ये मिचेल तलावाकाठच्या मनोऱ्यात वटवाघळे वस्तीला आली. त्याच आराखड्यावरून १९२९ मध्ये फ्लोरिडातील शुगरलोफ की या बेटावर रिक्टर पर्की या व्यावसायिकाने मनोरा बांधला. तेथे मात्र वटवाघळे काही राहिली नाहीत. डास पूर्ववत राहिले, आणि रिकामा मनोरा २०१७ च्या ‘इर्मा’ चक्रीवादळात कोसळेपर्यंत प्रवाशांच्या कुतूहलाचा विषय बनून उभा होता.

‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खाते’ हे वाक्य आजही पेट्यांच्या जाहिरातींत आढळते. त्याचे मूळ १९६० च्या सुमारास बंद खोलीत झालेल्या प्रयोगांत आहे. डासांनी भरलेल्या खोलीत सोडलेल्या वटवाघळांनी मिनिटाला किती डास टिपले, यावरून तासाचा हिशेब मांडला गेला आणि तो पुढे फुगत गेला. मोकळ्या आकाशात वटवाघळे डास खातात हे खरे. विस्कॉन्सिन राज्यात विष्ठेच्या तपासणीत डासांचे अंश सापडलेही आहेत. परंतु पतंग, भुंगेरे असे भरपूर मांसल भक्ष्य मिळत असताना ती केवळ डासांवर विसंबून राहत नाहीत. शिवाय डेंग्यू पसरविणारा डास दिवसा चावतो, तेव्हा वटवाघूळ झोपलेले असते.

खरा लाभ शेतात दिसतो. इलिनॉय राज्यात संशोधकांनी मक्याच्या काही तुकड्यांवर रात्री जाळ्या टाकून वटवाघळांना दूर ठेवले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झाकलेल्या तुकड्यांत कणसे पोखरणाऱ्या अळ्या सुमारे ६० टक्के अधिक आढळल्या. स्पेनमधील एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात तर भातखाचरांलगत पेट्या लावून वटवाघळांची वस्ती वाढविण्यात आली आणि भाताच्या खोडकिड्याचा उपद्रव घटला. पिल्लाला पाजणारी मादी एका रात्रीत जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके कीटक खाऊ शकते, हे लक्षात घेतले म्हणजे यात नवल वाटत नाही.

हे पहारेकरी नाहीसे झाले तर काय होते, याचा दाहक धडा अमेरिकेला मिळाला आहे. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ हा बुरशीजन्य रोग प्रथम आढळला. शीतनिद्रेतील वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी धरते, ती अवेळी जागी होतात आणि साठविलेली चरबी संपून मरतात. काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ एयाल फ्रँक यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेल्या निष्कर्षानुसार, रोगग्रस्त परगण्यांतील शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढविला. त्याच परगण्यांत अर्भकमृत्यूंचे प्रमाण जवळपास ८ टक्क्यांनी चढले. एक दुर्लक्षित प्राणी आणि पाळण्यातील मूल यांच्यात असा धागा असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

परसातील पेटी हा रोग बरा करीत नाही. मात्र जुनी पोकळ झाडे तुटली, घरांची पोटमाळे बंदिस्त झाली, अशा वेळी माद्यांना बाळंतपणासाठी उबदार जागा मिळते. बहुतेक जातींत वर्षाला एकच पिल्लू होते. त्यामुळे प्रत्येक यशस्वी वीण महत्त्वाची ठरते. घरमालकाचाही फायदा असतो. छपरात शिरलेली वटवाघळे बाहेर काढायची असल्यास जवळच पर्यायी निवारा आधीच तयार ठेवता येतो.

पेटी साधीच असते. खडबडीत फळ्यांमध्ये जेमतेम दोन सेंटिमीटरची फट, तळ उघडा, चढण्यासाठी खाली थोडी पुढे आलेली फळी. ती झाडावर नव्हे, तर खांबावर किंवा भिंतीवर बारा ते वीस फुटांवर लावावी. झाडाची सावली आणि शिकारी प्राणी दोन्ही टळतात. थंड प्रदेशात गडद रंग चालतो. उष्ण प्रदेशात तोच रंग घातक ठरतो, कारण तापलेल्या पेटीत पिल्ले दगावतात. स्वस्तात मिळणाऱ्या चिमुकल्या पेट्यांत हा धोका अधिक, हे विक्रेते क्वचितच सांगतात. आणखी एक पथ्य: वटवाघळांमुळे रेबीज होऊ शकतो, म्हणून जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

आपल्या वड-पिंपळांवर लोंबकळणारी मोठी, फळे खाणारी वटवाघळे अशा पेटीत येणार नाहीत. त्यांना झाडेच हवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांच्या बहुतेक जाती ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या यादीत होत्या. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीने वगळली गेली. कौलांच्या सांदीत राहणारी लहान, कीटक खाणारी वटवाघळे वेगळी. पेटीचा विचार झाला तर तो त्यांच्यासाठी.

पेटी लावणाऱ्याला धीर मात्र हवा. फ्लोरिडा विद्यापीठात १९८७ मध्ये एका इमारतीला आग लागल्यानंतर तेथील वटवाघळे क्रीडासंकुलाच्या छताखाली शिरली आणि प्रेक्षकांना दुर्गंधीने हैराण करू लागली. १९९१ मध्ये विद्यापीठाने जवळच त्यांच्यासाठी खांबांवर मोठे घर बांधून दिले. पकडून आत सोडलेली वटवाघळे निघून गेली. काही वर्षे ते घर ओस पडले होते; अखेर १९९५ मध्ये ती आपणहून राहायला आली. २००९ मध्ये त्यांच्या भाराने आतील रचना कोसळली, तेव्हा विद्यापीठाने ती पुन्हा बांधली आणि शेजारी आणखी एक घर उभारले. तेथे आता काही लाख वटवाघळे राहतात. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात त्यांचे थवे बाहेर पडू लागतात आणि कुंपणापाशी जमलेले लोक माना वर करून उभे राहतात.