तपासणी नवऱ्याचीही

बाई गरोदर राहिली की तिचं रक्त तपासतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, आणि त्याच वेळी एचआयव्हीसुद्धा. गटात बाकीच्या तपासण्यांवर भरपूर बोलणं होतं, पण हिचं नाव काढलं की सगळ्या गप्प. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "आमच्यात तसलं काही नाही हो." खरी गोम त्या 'तसलं' शब्दात आहे.

पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांची तपासणी केली. त्यांत वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ जणी होत्या. बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाशी संबंध न आलेल्या. तरी त्यांच्यातल्या १३.६ टक्के बायकांना एचआयव्हीची लागण झालेली निघाली. या बायका आधीच काही त्रास होतो म्हणून दवाखान्यात आल्या होत्या, त्यामुळे हा आकडा गावातल्या सगळ्या बायकांना लावायचा नाही. पण लागण घरातूनच, नवऱ्याकडून येऊ शकते, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलं गेलं. मंगळसूत्र हे काही औषध नव्हे.

आता घरात काय होतं पाहा. गरोदरपणामुळे तपासणी आधी सुनेची होते. लागण निघाली, तर सासरचे म्हणतात, "हिनंच आणलं." नवऱ्याचं रक्त कुणी तपासलेलंच नसतं! ज्याची चाचणी आधी, त्याच्या माथी दोष, असा हा उफराटा न्याय. चाचणीतून लागण आहे की नाही एवढंच कळतं. कुणाकडून आली, कधी आली, हे त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून आम्ही आग्रहानं सांगतो की दोघांनी एकाच दिवशी जावं.

जायचं कुठं? ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात, पुण्यात ससूनला एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं. लोक त्याला आयसीटीसी म्हणतात. चाचणी फुकट होते. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त घेतात. पहिल्या चाचणीत लागण दिसली, तर वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासून मगच पक्कं सांगतात. लागण अगदी ताजी असेल तर ती लगेच दिसत नाही, म्हणून शंका असेल तर तीन महिन्यांनी परत चाचणी करायची. तोवर निरोध वापरायचा.

"आणि निघालं तर? मरायचंच ना?" हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. नाही. सरकारी एआरटी केंद्रातून गोळ्या मोफत मिळतात. २०१७ पासून, लागण कळली की लगेच गोळ्या सुरू करायचं धोरण आहे. गोळी रोज, जन्मभर, न चुकता घ्यावी लागते. बरं वाटलं म्हणून सोडली की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. क्षयरोगाचीही तपासणी करून घ्यायची, कारण हे दोन आजार जोडीनं येतात.

गोळ्यांचा दुसराही फायदा आहे, आणि तो सिद्ध करण्यात पुण्याचा वाटा आहे. जोडप्यात एकाला लागण, दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात पुण्याचं केंद्रही होतं. २०११ मध्ये निष्कर्ष आला: गोळ्या लवकर सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. आज आपल्याला माहीत आहे की औषधानं रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

बाळाचंही तसंच. काहीच उपचार न घेतल्यास शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून लागण होऊ शकते. आईनं गोळ्या घेतल्या, बाळाला जन्मल्यावर औषध पाजलं, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते आणि शेवटची साधारण दीड वर्षाचं झाल्यावर. ती शेवटची चुकवायची नाही. बाळ गुटगुटीत दिसतं म्हणून पुष्कळ जणी परत जातच नाहीत.

एका ताटात जेवून, कपडे एकत्र धुऊन, डास चावून एचआयव्ही होत नाही. सुनेची वेगळी चूल मांडायचं काही कारण नाही.

राहिली गावाची भीती. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, दवाखान्याला तुमचा निकाल गावभर करता येत नाही, लागण आहे म्हणून उपचार किंवा काम नाकारता येत नाही. तरी तालुक्याला ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल, तर पुण्यात जाऊन तपासा. तिथंही चाचणी फुकटच आहे. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही.

आणि नवरा यायला तयार नसेल तर भांडत बसू नका. समुपदेशकांना सांगा, "त्यांच्याशी तुम्ही बोला." बायकोचं न ऐकणारे पुष्कळ पुरुष दवाखान्यातल्या माणसाचं ऐकतात.