वाळवंटातील नगरी : रूळ, मोनोरेल आणि रात्रीची बस

लास व्हेगास म्हटले की जुगारगृहांचा झगमगाट डोळ्यांपुढे उभा राहतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तेथील वाटा अधिक बोलक्या वाटतात. नेव्हाडाच्या वाळवंटात 1905 साली एका रेल्वे कंपनीने भूखंडांचा लिलाव केला आणि हे नगर वसले. पुढे त्याच रुळांनी माणसांची विभागणी केली. रुळांच्या पश्चिमेस, वेस्टसाइड या वस्तीत, कृष्णवर्णीयांना राहावे लागले. आपल्या भाषेत सांगायचे तर गावकुसाबाहेर. ‘स्ट्रिप’ या प्रसिद्ध रस्त्यावरील हॉटेलांत ते खोल्या झाडीत, भांडी घाशीत. पाहुणे म्हणून मात्र त्यांना तेथे मज्जाव होता. सॅमी डेव्हिस ज्युनियरसारख्या कलावंतालाही कार्यक्रम संपल्यावर मुक्कामासाठी वेस्टसाइड गाठावी लागे. दंतवैद्य डॉ. जेम्स मॅकमिलन यांनी 1960 साली मोर्चाचा इशारा दिला, तेव्हा कुठे ती दारे उघडली.

दारे उघडली, तरी घर आणि काम यांतील अंतर उरलेच. 1992 पर्यंत शहराची बससेवा खासगी कंपनीकडे होती. त्या वर्षी ती प्रादेशिक परिवहन आयोग या सार्वजनिक संस्थेने हाती घेतली. तिच्या दरांतील भेद मला विशेष उल्लेखनीय वाटतो. वस्तीतील एका फेरीला 2 डॉलर, तर स्ट्रिपच्या दोन तासांच्या पासाला 6 डॉलर, असे दर कित्येक वर्षे होते. पर्यटकाने अधिक द्यावे, कामकऱ्याने कमी, हा न्याय सरळच आहे. 2005 पासून स्ट्रिपवर ‘ड्यूस’ ही दुमजली बस रात्रभर धावते. हॉटेले झोपत नाहीत, म्हणून कामगारांच्या पाळ्याही अपरात्री सुटतात.

याउलट खासगी मोनोरेलची कथा. सुमारे 65 कोटी डॉलर खर्चून ती 2004 साली सुरू झाली. ती हॉटेलांच्या मागच्या अंगाने जाते; विमानतळापर्यंत पोहोचत नाही, कामगारांच्या वस्त्यांपर्यंत तर नाहीच. 2010 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, 2020 मध्ये पुन्हा. अखेर सार्वजनिक पर्यटन प्राधिकरणालाच ती विकत घ्यावी लागली.

2021 पासून अधिवेशन केंद्राखालच्या बोगद्यांतून विजेच्या मोटारी प्रतिनिधींची ने-आण करतात. वर रस्त्यावर मात्र जुलै 2024 मध्ये पारा जवळजवळ 49 अंशांवर गेला होता. अशा उन्हात बस चुकली, तर पुढची येईपर्यंत थांब्याची सावली हाच काय तो आसरा. आणि छप्पर नसलेल्या थांब्यावर तोही नाही.