पाऊण तासाची नाटके : कॅरिल चर्चिल वाचताना

मराठी रसिकाला छोटे नाटक नवे नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली आणि तिच्या मागोमाग गावोगावी निघालेल्या स्पर्धांनी दोन-तीन पिढ्यांना एकांकिका करायला, पाहायला आणि लिहायला शिकवले. हे ऋण मोठे आहे. पण या स्पर्धांनी आपल्याला एक सवयही लावली. एकांकिकेची किंमत आपण तिच्या शेवटच्या दोन मिनिटांवरून करतो. पंच बसला का, ब्लॅकआउटला टाळ्या आल्या का, परीक्षक हलले का. दुसरी सवय याहून जुनी. चांगली एकांकिका लिहिणाऱ्याला आपण लगेच विचारतो, ‘आता मोठे नाटक कधी?’ जणू छोटे नाटक म्हणजे मोठ्या नाटकाआधीची तालीम.

गेली काही वर्षे मी इंग्लंडच्या नाटककार कॅरिल चर्चिल यांची छोटी नाटके वाचतो आहे. या दोन्ही सवयी तिथे निकामी होतात. मुळात चर्चिलबाईंचा प्रवासच उलट दिशेचा. जन्म १९३८ चा, लंडनचा. साठच्या दशकात त्यांनी बीबीसी रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या. पुढे ‘क्लाउड नाइन’ (१९७९) आणि ‘टॉप गर्ल्स’ (१९८२) या पूर्ण लांबीच्या नाटकांनी त्यांचे नाव जगभर गेले. आणि साठी ओलांडल्यावर, मोठे नाटक कसे उभे करायचे हे हाताला पक्के ठाऊक असताना, त्यांची नाटके आखूड होत गेली. ‘फार अवे’ (२०००) पाऊण तासाच्या आसपास संपते. ‘अ नंबर’ (२००२) तासाभराचे. ‘हिअर वी गो’ (२०१५) आणि ‘एस्केप्ड अलोन’ (२०१६) ही तासाच्या आतली. म्हणजे ही लांबी त्यांनी निवडलेली आहे. ती का निवडली असावी, हे मला या लेखात पाहायचे आहे.

आधी नावाचा एक घोळ. या नाटकांना ‘एकांकिका’ म्हणता येत नाही, कारण ‘फार अवे’मध्ये चांगले तीन अंक आहेत! ‘दीर्घांक’ म्हणावे तर तेही बसत नाही. मी आपला ‘छोटे नाटक’ एवढ्यावर भागवतो.

‘फार अवे’चा पहिला अंक म्हणजे एका रात्रीचे संभाषण. जोन नावाची लहान मुलगी मावशीकडे राहायला आली आहे (हार्पर तिची मावशी की आत्या, हे इंग्रजी शब्द सांगत नाही, मी मावशी धरली आहे). तिला झोप येत नाही. बाहेर कोणीतरी किंचाळल्यासारखे वाटले, असे ती सांगते. घुबड असेल, मावशी म्हणते. पण मुलगी खिडकीतून झाडावर उतरून बाहेर जाऊन आलेली आहे. तिने काका पाहिले, शेड पाहिली, लॉरी पाहिली. तिचा पाय रक्तात घसरला. प्रत्येक गोष्टीला मावशीकडे एक सरळ, घरगुती उत्तर तयार आहे, आणि मुलीचे पुढचे वाक्य ते उत्तर खोटे पाडते. शेवटी मावशी वेगळीच चाल खेळते. काका लोकांना पळून जायला मदत करत आहेत, हे गुपित आहे, आणि आता तूही या चांगल्या कामात सामील आहेस, असे ती मुलीला पटवते. मुलगी विचारते, मग काका त्यांना मारत का होते? त्यालाही उत्तर निघते.

काका रंगमंचावर कधीच येत नाहीत. देश कोणता, सरकार कोणाचे, शेडमधली माणसे कोण, काही सांगितलेले नाही. भीती सगळी प्रश्नोत्तरांच्या क्रमात आहे. आपल्या स्पर्धेतल्या एखाद्या हुशार दिग्दर्शकाने या प्रसंगाला मागे लाल प्रकाशात शेड दाखवली असती. संहितेत तिची जागा फक्त बोलण्यात आहे.

दुसऱ्या अंकात जोन तरुण झाली आहे आणि टोप्या बनवण्याच्या कारखान्यात लागली आहे. शेजारी टॉड नावाचा कारागीर. दोघे टोप्यांच्या रंगरूपावर बोलतात, मजुरीवर बोलतात, व्यवस्थापनातल्या भ्रष्टाचाराबद्दल कळकळीने चिडतात. टोप्या प्रसंगागणिक अधिक मोठ्या, अधिक विचित्र होत जातात. मग एक मूक प्रसंग येतो. साखळदंडांत बांधलेले, फाटके कैदी त्या भपकेबाज टोप्या घालून रांगेने मृत्यूकडे चालत जातात. लेखिकेची सूचना अशी की पाच माणसांनी भागणार नाही, जितकी जास्त तितकी बरी. ज्या नाटकात बोलणारी पात्रे अवघी तीन, त्यात हा एवढा जमाव! त्यानंतरच्या प्रसंगात दोघे कारागीर हळहळतात, प्रेतांबरोबर इतक्या सुंदर टोप्याही जाळल्या जातात म्हणून.

पहिल्या अंकातली प्रश्न विचारणारी मुलगी आणि दुसऱ्या अंकातली टोपी जळाल्याचे दुःख करणारी तरुणी, यांच्यामध्ये कित्येक वर्षे आहेत. ती नाटकात नाहीत. तीन तासांच्या नाटकाने ती दाखवली असती: शाळा, एखादा दबाव, मनातली झगडाझगड, मग शरणागती. आपण जोनला समजून घेतले असते आणि समजून घेता घेता माफही केले असते. चर्चिलबाई ती सोय ठेवत नाहीत. मधला काळ आपल्याला स्वतःच्या आठवणीतून भरावा लागतो, कारण असे हळूहळू गप्प होत जाणे प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेले असते. माझ्या मते या नाटकाच्या आखूडपणाचे खरे काम हेच आहे.

तिसऱ्या अंकात सगळे जग युद्धात उतरलेले आहे. मांजरे, हरणे, मगरी, सगळ्यांनी बाजू घेतल्या आहेत. हे ऐकताना आधी हसू येते. मग जोन पायी चालत आलेली वाट सांगू लागते आणि ती नदीकाठी थांबली होती तिथपर्यंत येते. पाणी कोणाच्या बाजूचे आहे हे कळायला मार्ग नाही. नाटक तिथेच थांबते. पंचाची वाट पाहणारा प्रेक्षक इथे नक्की फसणार.

‘ब्लू हार्ट’ (१९९७) हे दोन छोट्या नाटकांचे जोडकाम. पहिल्यात, ‘हार्ट्स डिझायर’मध्ये, आईवडील आणि आत्या मुलीची वाट पाहत बसले आहेत. ती ऑस्ट्रेलियाहून येते आहे. प्रसंग जरा पुढे सरकतो, थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एकदा वडील स्वेटर घालत येतात, एकदा कोट. एकदा लहान मुलांची झुंड घुसते, एकदा बंदूकधारी सगळ्यांना मारून जातात, एकदा दहा फुटी पक्षी येतो. कधी प्रसंग भरधाव पळतो, कधी वाक्यांची फक्त शेपटे ऐकू येतात. गंमत भरपूर आहे, पण वाट पाहणाऱ्याच्या मनात हेच तर चालते. स्टेशनवर कोणाला आणायला गेलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसऱ्यात, ‘ब्लू केटल’मध्ये, डेरेक नावाचा माणूस अनेक म्हाताऱ्या बायकांना भेटून ‘तुम्ही लहानपणी दत्तक दिलेला मुलगा तो मीच’ असे सांगत फिरतो. दरम्यान संवादात ‘निळा’ आणि ‘किटली’ या अर्थाचे दोन शब्द भलत्याच जागी शिरू लागतात आणि वाढत वाढत भाषाच खाऊन टाकतात. शेवटी उरतात नुसते आवाज, तरीही काय चालले आहे ते कळते. याचे मराठी करायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. इंग्रजीत तो शब्द जसाच्या तसा कुठेही बसवता येतो. मराठीत ‘किटलीला’, ‘किटलीने’ करावे लागते, म्हणजे विभक्ती जिवंत राहते आणि भाषा इतक्या सहज मरत नाही. हा आपला फायदा की तोटा, अनुवादकांनी ठरवावे.

‘हिअर वी गो’ वाचायला सर्वांत सोपे आणि पाहायला बहुधा सर्वांत जड. पहिल्या भागात अंत्यविधीनंतर जमलेले लोक अर्धवट वाक्यांत बोलतात आणि मधूनच एकेक जण आपण स्वतः कधी आणि कशाने मरणार ते सांगून जातो. दुसऱ्या भागात मेलेला माणूस बोलतो. तिसऱ्यात शब्दच नाहीत. एका थकलेल्या, आजारी माणसाला काळजी घेणारी व्यक्ती रात्रीच्या कपड्यांतून दिवसाच्या कपड्यांत आणते, मग पुन्हा रात्रीच्या, मग पुन्हा दिवसाच्या. पुस्तकात ही काही ओळींची सूचना आहे. डोळा ती क्षणात ओलांडतो. म्हणून छोटे नाटक वाचताना मी घड्याळ समोर ठेवतो, संवाद मोठ्याने वाचतो आणि मूक जागी खरोखर थांबतो. घरात कोणाचे आजारपण काढलेल्या वाचकाला या ओळींना किती वेळ लागतो हे माहीत असते. एका बाहीत हात घालायलाच किती वेळ जातो! नाटक आखूड आहे म्हणून ते वेगवान असले पाहिजे, ही आपली समजूत इथे सुटते.

सगळीच छोटी नाटके मला पटली असे नाही. ‘ड्रंक इनफ टू से आय लव्ह यू?’ (२००६) यात एका पुरुषाच्या रूपाने अमेरिका आणि तिच्या प्रेमात पडलेला दुसरा पुरुष, अशी मांडणी आहे. रूपक पहिल्या पाच मिनिटांत उलगडते आणि मग यादी उरते. ‘लव्ह अँड इन्फर्मेशन’ (२०१२) मात्र पन्नासाहून अधिक इवल्या प्रसंगांचे आहे. कोणते वाक्य कोणाचे हेही लिहिलेले नाही. महाविद्यालयीन संघांनी ते तालमीत एकदा तरी हाताळावे.

आपल्याकडे हे सारे अगदीच परके नाही. महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथे’त छापून आली आणि विजया मेहतांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते तिच्यामुळे. म्हणजे एकांकिका तेव्हा मासिकात वाचली जात होती, कथेशेजारी, कवितेशेजारी. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ केवळ दोन नटांवर उभी आहे. तेच वेगवेगळी माणसे होतात आणि पाण्याच्या एका घोटामागची जात दिसत जाते. तिला नेपथ्य लागत नाही म्हणून ती कुठेही करता आली. आज स्पर्धेच्या निकालानंतर बहुतेक संहिता कोणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतात. पुढच्या वर्षी नवा संघ, नवी एकांकिका. ज्याने प्रयोग पाहिला नाही त्याच्यासाठी ती लिहिलीच गेली नाही असे होते. दिवाळी अंकांनी दरवर्षी एक एकांकिका छापली तरी हे थोडे बदलेल, असे मला वाटते. संपादकांनी ही सूचना समजावी.

सध्या माझ्या टेबलावर चर्चिलबाईंचे २०२१ चे ‘व्हॉट इफ इफ ओन्ली’ आहे. वीस मिनिटांचे नाटक. जवळचे माणूस गेल्याने एकटे पडलेले कोणीतरी, आणि त्याला भेटायला येणारी, घडली नाहीत अशी भविष्ये. नावातच अडलो आहे. इंग्रजीला ‘काय झाले असते’ आणि ‘झाले असते तर’ यांसाठी दोन वेगळे तुकडे लागतात. मराठीत क्रियापदच तो सल वाहते: आला असता, राहिली असती. वहीत तूर्त ‘असते तर’ एवढेच लिहून ठेवले आहे.