कंदिलाच्या अंगावरची अक्षरं

भंगाराच्या हातगाडीवर, पत्र्याचे डबे आणि मोडक्या सायकलींच्या खाली, अजूनही एखादा कंदील निघतो. काच फुटलेली, कडी वाकलेली. नवखा गिऱ्हाईक चकाकी बघतो. जाणकार टाकीचा खांदा, वरची टोपी आणि वात वर-खाली करायच्या चावीचं टोक अंगठ्याने पुसतो. धूळ गेली की ठशातली अक्षरं वर येतात.

ती बरेचदा 'डीट्झ' अशी असतात. या अमेरिकन कंपनीच्या कंदिलावर 'हाँगकाँग' असेल, तर तो १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरचा. जर्मनीच्या 'फॉयरहँड'वर 'पश्चिम जर्मनी' दिसलं, तर १९४९ नंतरचा. आणि 'प्रभाकर' वाचायला मिळालं, तर तो आपल्या कराडजवळचा! तेव्हाच्या औंध संस्थानात ओगले काच कारखाना १९१६ साली उभा राहिला, त्याच्याच नावाने ओगलेवाडी वसली. परदेशी कंदिलांच्या बाजारात या स्वदेशी कंदिलाने घरोघरी जागा मिळवली. म्हणूनच मराठी संग्रहाची सुरुवात प्रभाकरपासून व्हावी.

बाजूच्या दोन नळ्याही बोलतात. जुन्या पद्धतीत काचेवरची गरम हवाच त्यांतून पुन्हा ज्योतीकडे येई. १८७०च्या दशकात ताजी हवा आणणारी रचना निघाली आणि उजेड बराच वाढला. नळ्या टोपीखालच्या वेगळ्या पेटीत शिरत असतील, तर कंदील या दुसऱ्या घराण्यातला.

पितळी म्हणून महाग सांगितलेल्या कंदिलाला लोहचुंबक लावावं. चिकटलं, तर आत लोखंडी पत्रा आहे, वर नुसता मुलामा. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर 'शंभर वर्षांपूर्वीचा' हा दावा संपलाच. असे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. नंतर बदललेला असेल, तरी तेवढी किंमत कमी व्हायला हवी. काच, बर्नर आणि टाकी एकाच घरची आहेत का, हेही बघावं.

घरी आणल्यावर तारेच्या घासणीला हात लावू नये. मूळचा मुलामा आणि उथळ ठसे एकदा गेले की परत येत नाहीत. साबणाचं पाणी, मऊ फडकं, मग सावकाश वाळवणं एवढं पुरे. पेटवायचा असेल, तर टाकीत आधी पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवावा. सकाळी कागद ओला दिसला, तर त्यात रॉकेल घालू नये.

माळ्यावर पडलेला कंदील भंगारात देण्याआधी एकदा खाली काढा, खांदा पुसा आणि नाव वाचा.