राहून गेलेला पुरसा

करोनाची आपत्ती ओसरून आता काही वर्षे लोटली. परंतु २०२० व २०२१ या दोन सालांत आप्तांना रीतसर मूठमाती देता न आल्याचे जे शल्य फलटण-साताऱ्याकडील मुस्लिम घरांत राहून गेले, त्याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे मनाच्या आघातावर धर्म नेमका कोठे उपयोगी पडतो, हे दिसू लागते.

इस्लामी परंपरेने शोकाला क्रम आणि मुदत नेमून दिली आहे. मय्यतीला गुस्ल (स्नान) द्यायचा, कफन चढवायचे, रुकू (कमरेतून वाकणे) वा सिजदा (कपाळ टेकणे) नसलेली जनाज्याची नमाज उभ्यानेच अदा करायची, खांदा बदलीत कब्रस्तान गाठायचे आणि प्रत्येकाने कबरीवर तीन मुठी माती टाकायची. पुढचे तीन दिवस शेजारपाजारच्या घरून जेवण यायचे, पुरसा द्यायला, म्हणजे सांत्वनाला, माणसे येऊन बसायची, आणि विधवेने चार महिने दहा दिवस इद्दत (प्रतीक्षाकाळ) पाळायची. आघाताने बधिर झालेल्या माणसाला पुढे काय करावे हा प्रश्नच पडू नये, अशी ही तजवीज आहे. तिचे सामर्थ्य उपदेशापेक्षा या हातांनी करावयाच्या कामांत अधिक आहे, असे माझे मत आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाने दगावलेल्यांच्या मृतदेहास स्नान घालण्याची मनाई झाली, अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा आली. ३० मार्चला मुंबई महापालिकेने तर सर्वधर्मीय करोनामृतांच्या दहनाचे परिपत्रक काढले व त्याच दिवशी मागे घेतले. २२ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दफनाची मुभा कायम ठेवली. निर्बंध आवश्यक होते, हे निर्विवाद. तथापि कबर मिळाली तरी गुस्ल राहिला, पुरसा राहिला. (फलटणला दरसाल मुक्कामास येणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकाही ती दोन्ही वर्षे एसटीने पंढरीस गेल्या, तुटलेपण एका समाजापुरते नव्हते.) तेव्हा कुराणाचे तीस पारे (भाग) नातलगांत वाटून ज्याने त्याने आपल्या घरी पढावेत आणि फोनवर एकत्र दुआ मागावी, एवढाच मार्ग उरला.

अशा वेळी धर्म सांगतो तो सब्र (धीर) म्हणजे अश्रू गिळणे, हा समज मात्र अन्यायाचा आहे. पुत्र इब्राहीमच्या अंतकाळी स्वतः पैगंबरसाहेबांचे डोळे वाहिले होते. दहाव्या शतकात निवर्तलेले मुस्लिम विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनीही देहाच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्याचा विचार एकाच ग्रंथात केला. म्हणून त्या सालांपासून ज्याची झोप उडाली आहे, त्याने दर्ग्यावर अवश्य जावे, दुआ मागावी. आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही फिरवावा, तेथे मराठीतून बोलता येते.