परसबाग आणि शेतकऱ्याचें आरोग्य

शेतकऱ्यास बागकामाचे फायदे सांगणें म्हणजे कोळ्यास जाळें विणावयास शिकविण्यासारखें आहे, असें कित्येक वाचकांस वाटेल. ज्याचा जन्म मातींत गेला, त्यानें आरोग्यासाठीं आणखी माती कां उकरावी? ही शंका वरवर रास्त आहे. परंतु आजची स्थिति पाहतां तिचा जोर राहत नाहीं. नांगरट ट्रॅक्टरनें होते, पाणी ठिबकनें जातें, खुरपणी मजूर करितात, आणि मालक मोटारसायकलवरून बांधापर्यंत जाऊन परत येतो. दहा एकरांच्या धन्याच्या घरची भाजीदेखील आठवड्याच्या बाजारांतून येते. मधुमेह व रक्तदाब हे एके काळीं शहरचे मानलेले विकार आतां खेड्यांतही सर्रास आढळतात.

दुसरें असें कीं, शेतांत पाऊल टाकतांच पाऊस, भाव, मजुरी आणि सोसायटीचें कर्ज यांची चिंता सोबत येते. परसबागेस हें ओझें नाहीं. परसांतल्या अळवाची पीकपाहणी होत नाहीं, त्याच्यावर बोजा चढत नाहीं, आणि दोडक्याचा वेल वाळला तरी सावकार दारीं येत नाहीं. काम मातीचेंच, पण त्यांत मनास विसांवा मिळतो.

या विसांव्यास शास्त्राचाही आधार आहे. नेदरलंड्समधील एका प्रयोगांत लहान बागा करणाऱ्या ३० जणांस प्रथम मनावर ताण आणणारें काम दिलें. त्यानंतर कांहींना अर्धा तास बागेंत काम करावयास सांगितलें व कांहींना घरांत बसून वाचावयास दिलें. ताणाच्या वेळीं शरीरांत वाढणारें कॉर्टिसॉल हें द्रव्य दोहोंतही उतरलें. परंतु बागेंत काम करणाऱ्यांत तें अधिक उतरलें, व त्यांची प्रसन्नताही परत आली. हे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले.

शरीराचा हिशेबही सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणें प्रौढ माणसानें आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रम करावे, व रोज निदान ४०० ग्रॅम फळें-भाज्या खाव्या. बटाटा यांत धरीत नाहींत. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा अर्धा तास खणणें व तण काढणें केलें कीं पहिली अट पुरी होते, आणि दुसरीसही मोठाच हातभार लागतो.

सर्वांत मोठा लाभ वृद्धांस होतो. कालपर्यंत ज्याच्या शब्दावर पेरणी होत असे, तो कारभार मुलांकडे गेल्यावर ओट्यावर बसून दिवस मोजूं लागतो. परसाचा कारभार अशा वडीलधाऱ्यांच्या हातीं द्यावा, व रोजची भाजी त्यांच्याकडूनच मागावी. आपल्यावांचून घराचें अडतें, ही जाणीव त्यांस उभारी देते.

मोरीच्या पाण्यावर केळ व अळू, कोपऱ्यास शेवगा, मृगाच्या पावसावर मांडवाला दोडका, घोसाळें व वाल, आणि थंडींत मेथी-पालक, इतकें अर्ध्या गुंठ्यांत सहज बसतें. कपाशीवर फवारावयाचें औषध मात्र येथें आणूं नये. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें २० हून अधिक माणसें दगावलीं, हें विसरूं नये. मातींत काम करणाऱ्यानें धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी. तसेंच कोणाचें मन दीर्घकाळ खिन्न असेल, झोप व भूक उडाली असेल, तर बागेवर विसंबूं नये. त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.

ज्याच्यापाशीं दहा एकर आहेत, त्यास अर्धा गुंठा जड नाहीं. येत्या मृगापूर्वीं आमच्या वाचकांनीं परसाची जागा साफ करून ठेवावी, व तेथील कुदळ मजुराच्या हातीं न देतां स्वतः धरावी, इतकीच आमची विनंती आहे.